नव्या खेळाडूसाठी आणि नव्या कोचसाठी फुटबॉलचे शब्द: आधी हाका, मग नियम

शनिवारी संध्याकाळी गांधी मैदानावर लहान मुलांचा सराव चालला होता. एका पोराच्या पायात बॉल आला आणि त्याच क्षणी तीन बाजूंनी तीन हाका आल्या. "दे!" "मार!" "मागं!" पोरगा थबकला, मान वळवून बघायला लागला, तेवढ्यात समोरच्यानं बॉल काढून नेला. नंतर पाणी पिताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, मागं म्हणजे मागं द्यायचा होता, का मागं माणूस होता?"

मी हाक मारणाऱ्या मुलाला विचारलं. त्यालाही नक्की सांगता येईना. त्या दिवसापासून मी नव्या पोरांना बॉलच्या बरोबरीनं शब्द शिकवायला लागलो.

कोल्हापुरात फुटबॉल नवा नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि याच तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठेच्या पेठा तिकडे लोटतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. तरीही इथल्या पोरांना खेळाचे शब्द कुणी बसून शिकवलेले नसतात. ते कानावर पडून येतात, अर्धे कळलेले आणि अर्धे अंदाजानं धरलेले. ज्यांच्या घरात किंवा गल्लीत फुटबॉल नाही, त्यांना तर तेवढंही मिळत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि शाळेनं "उद्यापासून फुटबॉल तुम्ही बघा" म्हणून मैदानावर पाठवलेल्या शिक्षकांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. मैदानावरचा शब्द व्याख्येसाठी नसतो. तो ऐकून पाय हलायला हवेत, आणि अकराही जणांचे पाय एकाच अर्थानं हलायला हवेत. म्हणून शब्द इंग्रजी आहे की मराठी, यावर वेळ घालवू नका. संघात त्याचा एकच अर्थ ठरला आहे का, तेवढं बघा.

पहिली पायरी: रेषांवरून चालत जा

पहिल्या दिवशी बॉल पिशवीतच ठेवा. मुलांना घेऊन मैदानाच्या कडेनं चाला आणि पायाखालची प्रत्येक रेषा नावानं ओळखायला लावा.

लांबीच्या दोन रेषा म्हणजे टचलाइन, आपल्याकडे साइड लाइन. रुंदीच्या दोन म्हणजे गोललाइन. गोलच्या दोन खांबांमधलाच भाग गोललाइन, असं बऱ्याच जणांना वाटतं; पण एका कॉर्नरच्या झेंड्यापासून दुसऱ्या झेंड्यापर्यंतची सगळी रेषा गोललाइनच. मधोमध हाफ लाइन आणि तिच्यावर सेंटर सर्कल, ज्याची त्रिज्या ९.१५ मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागेल.

गोलसमोरचा मोठा चौकोन म्हणजे पेनल्टी एरिया, तोंडी भाषेत बॉक्स. तो गोलच्या दोन्ही खांबांपासून १६.५ मीटर बाजूला आणि तेवढाच मैदानात आत. त्याच्या पोटातला लहान चौकोन गोल एरिया, तसाच मोजून ५.५ मीटरचा, गोलकिक तिथून घेतात. पेनल्टीचा ठिपका गोललाइनपासून ११ मीटरवर. गोल स्वतः ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. लहान मुलाला मधोमध उभं करून "आता दोन्ही खांब बघ" म्हटलं, की गोलीचं, म्हणजे गोलरक्षकाचं, काम किती अवघड आहे ते त्याला सांगावं लागत नाही.

आता "डी". आपल्याकडे अख्ख्या बॉक्सला डी म्हणतात. हा शब्द हॉकीतला आहे. तिथं गोलसमोरचं क्षेत्र खरोखरच डीच्या आकाराचं असतं. फुटबॉलमध्ये बॉक्सच्या बाहेर जो अर्धगोल तुकडा दिसतो, तो डी. त्याचं काम एकच: पेनल्टी घेताना बाकीचे खेळाडू ठिपक्यापासून ९.१५ मीटर लांब राहावेत, एवढ्यासाठी तो आखलेला असतो. तिथं झालेल्या फाउलला पेनल्टी मिळत नाही. "डीमध्ये फाउल झाला, पेनल्टी द्या" म्हणून पंचांशी भांडणारे मोठे खेळाडूही मी पाहिलेत, आणि त्यातले निम्मे वाद या एका शब्दाच्या गोंधळातून होतात. तुमच्या संघात आयताला बॉक्स म्हणा, अर्धगोलाला डी म्हणा, आणि तसंच म्हणत राहा.

रेषांबद्दल आणखी एक, कारण आपली मुलं क्रिकेटवर वाढलेली असतात. क्रिकेटमध्ये चेंडू दोरीला लागला की चौकार. फुटबॉलमध्ये रेषा आतली असते. बॉल पूर्णच्या पूर्ण रेषेपार जाईपर्यंत, जमिनीवरून असो की हवेतून, तो खेळातच आहे. गोललाही हाच नियम. बॉल रेषेवर दिसला की आपली पोरं हात वर करून उभी राहतात आणि समोरचा खेळाडू बॉल घेऊन निघून जातो. यासाठी मी रेषेवर बॉल ठेवतो, मुलांना ओणवं होऊन वरून बघायला सांगतो आणि विचारतो, "आत की बाहेर?" मग बॉल सुतासुतानं बाहेर ढकलत नेतो. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण हात वर करून उभं राहायची सवय मोडते.

दुसरी पायरी: पाय आणि बॉल

पायाचे चार भाग आधी पक्के करा. आतली बाजू म्हणजे इनसाइड; जवळचा, खात्रीचा पास इथून. बुटाच्या नाडीचा भाग म्हणजे इनस्टेप. जोराचा शॉट इथून. बाहेरची बाजू आउटसाइड. तळवा म्हणजे सोल, बॉल दाबून धरायला आणि मागे ओढायला. पाचवा भाग मुलं न सांगता वापरतात: बुटाचं टोक, ज्याला टो म्हणतात. नवा मुलगा टोनं मारतो कारण त्यानं बॉल लांब जातो. कुठं जाईल ते मात्र सांगता येत नाही. ओरडू नका. अनवाणी पायानं दहा पास आतल्या बाजूनं द्यायला सांगा, अंगठाच त्याला शिकवेल.

बॉल अडवून पायाशी ठेवणं म्हणजे ट्रॅप. हल्ली कोच फर्स्ट टच म्हणतात, आणि दोन्हींत थोडा फरक आहे. ट्रॅपमध्ये बॉल मेल्यासारखा पायाखाली थांबतो. चांगल्या फर्स्ट टचमध्ये तो पुढच्या पावलाच्या दिशेनं एक-दीड हात सरकतो, म्हणजे पहिल्या स्पर्शातच पुढची हालचाल सुरू होते. नव्या मुलाला आधी ट्रॅप शिकवा, महिन्याभरानं फर्स्ट टच.

बॉल पायाशी ठेवून पळणं ड्रिबल, माणूस चुकवणं डॉज, अंग मध्ये घालून बॉल झाकणं शील्ड, बॉल काढून घेणं टॅकल. बॉल हवेत असतानाच मारला तर व्हॉली. डोक्यानं मारणं हेडिंग. लहान मुलांच्या सरावात हेडिंग घेऊ नका. डोक्याला बसणाऱ्या माराच्या काळजीपोटी अमेरिका आणि इंग्लंडसारख्या देशांत अगदी लहान गटांसाठी त्यावर बंधनं आहेत, आणि ते योग्यच आहे.

बॉलचंही माप असतं. मोठ्यांचा ५ नंबर: परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. शाळेतल्या लहान मुलांना ४ नंबरचा द्या, अगदीच चिमुकल्यांना ३ नंबरचा. पुष्कळ शाळांत एकच जड, जुना ५ नंबरचा बॉल सगळ्यांसाठी असतो, आणि चौथीतल्या मुलीचा पाय त्यावर आपटला की तिला हा खेळ आपला नाही असं वाटतं. बॉलचा नंबर विचारून आणणं हे कोचचं पहिलं काम.

तिसरी पायरी: हाका

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथं थांबून वाचा.

बॉल पायात असलेल्या खेळाडूची नजर बॉलवर असते, पाठीमागचं त्याला दिसत नाही. हाक मारणारा त्याचे डोळे असतो. म्हणून प्रत्येक हाकेत त्याला जे दिसत नाही तेच सांगायचं. "दे!" या हाकेतून त्याला काय कळतं? एवढंच, की तुम्हाला बॉल हवाय. तो सगळ्यांनाच हवा असतो. "मार!" हेही तसंच. नव्या संघात मी पहिल्या आठवड्यात हे दोन शब्द बंद करतो.

त्यांच्या जागी पहिल्यांदा तीन शब्द येतात.

"माणूस!" म्हणजे तुझ्या पाठीवर कुणीतरी येतोय, वळू नकोस, एका स्पर्शात बॉल सोड. मोठ्या संघांत "मॅन ऑन" म्हणतात. चालेल, पण दहा वर्षांच्या मुलाला "माणूस" लवकर कळतं आणि त्याच्या तोंडातून ते जोरातही निघतं.

"टाइम!" म्हणजे जवळ कुणी नाही, घाई करू नको, मान वर करून बघ.

"टर्न!" म्हणजे मागे मोकळं आहे, वळ आणि पुढे जा.

या तीन हाका एकाच प्रश्नाची उत्तरं देतात: माझ्या पाठीमागे काय आहे? "मागं!" ही हाक फसली ती इथेच. तिचे अर्थ दोन होते. आमच्या संघात आता "मागं" म्हणजे मी तुझ्या मागे मोकळा उभा आहे, अडलास तर मला दे. माणूस असेल तर "माणूस" म्हणायचं, "मागं" नाही.

हे नुसतं सांगून जमत नाही, खेळात घालावं लागतं. चार कोन (खुणेचे प्लास्टिकचे शंकू) लावून सात-आठ पावलांचा चौकोन करा. चार जण बाहेर, एक मध्ये. बाहेरच्यांनी पास करत राहायचं, मधल्यानं बॉल पकडायचा. याला रोंडो म्हणतात. आता एक अट घाला: पास देणाऱ्यानं बॉल सोडताना घेणाऱ्यासाठी "माणूस" किंवा "टाइम" म्हटलंच पाहिजे. न बोलता पास दिला तर तो मध्ये जाणार. पहिली पाच मिनिटं मुलं लाजतात, पुटपुटतात. मग एखादी धीट मुलगी खणखणीत आवाजात ओरडते, मधला पोरगा तिच्याकडे धावलेला असतो आणि बॉल तोवर पलीकडे पोचलेला असतो. त्यानंतर कुणाला सांगावं लागत नाही.

पुढच्या हाका दोन-तीन आठवड्यांत एकेक करून आणा. "वन-टू" म्हणजे मला दे, पळ, मी तुलाच पुढे परत देतो. "लाइन" म्हणजे साइड लाइनला धरून पुढे टाक. "स्विच" म्हणजे या बाजूला गर्दी झालीय, बॉल पलीकडच्या बाजूला न्या. "थ्रू" म्हणजे समोरच्या दोन बॅकच्या, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या, मधून, माझ्या धावेच्या पुढे. थ्रू पासात बॉल माणसाकडे द्यायचा नसतो, मोकळ्या जागेत द्यायचा असतो. माणूस तिथं पोचतो. नव्या मुलाला हे उमगायला वेळ लागतो, लागू द्या.

बचावाच्या हाका वेगळ्या. "मार्क" म्हणजे आपापला माणूस धर. "गोलसाइड" म्हणजे त्या माणसाच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये उभा राहा, त्याच्या पलीकडे नाही. "अडव, पाय घालू नको" ही मोठी हाक आहे, पण तिला मला अजून छोटा मराठी पर्याय सापडलेला नाही. काही कोच "जॉकी" म्हणतात: समोरच्याच्या पुढ्यात बाजू करून उभं राहायचं, मागे मागे सरकायचं आणि मदत येईपर्यंत त्याचा वेळ खायचा. आपली पोरं कुस्तीच्या गावातली, त्यांना लगेच भिडावंसं वाटतं. एकदा पाय घातला आणि समोरचा निसटला, की मागे फक्त गोली उरतो.

गोलीच्या हाका सगळ्यात महत्त्वाच्या, कारण अख्खं मैदान त्याच्या एकट्याच्याच डोळ्यांसमोर असतं. बॉल घ्यायला तो निघाला की "कीपर!", आणि ती ऐकली की बॅकनं बाजूला व्हायचं. तो येणार नसेल तर "क्लिअर!", म्हणजे बॅकनं जमेल तिकडं लांब मारायचा. "वर!" म्हणजे बॉल लांब गेलाय, सगळ्या बॅकनी पुढे सरका. इथं काही जण "आउट" ओरडतात. माझा सल्ला, तो शब्द टाळा. "आउट" ऐकून अर्ध्या मुलांना बॉल रेषेबाहेर गेला असं वाटतं आणि ती थांबतात.

"सेंटर" या शब्दाचंही असंच. जुने खेळाडू बाजूनं गोलसमोर टाकलेल्या बॉलला सेंटर म्हणतात, मुलं किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करायच्या किकलाही सेंटर म्हणतात, आणि सेंटर हाफ नावाचा खेळाडूही असतोच. आम्ही बाजूनं येणाऱ्या बॉलला "क्रॉस" म्हणायचं ठरवलं. तुम्ही दुसरं काही ठरवा. फक्त ठरवा.

हाक मारताना नाव घ्यायची सवय लावा. दोन जण एकाच बॉलवर धावताना नुसतं "माझा!" ऐकू आलं, तर कुणाचा ते कळत नाही. समोरच्या खेळाडूला फसवण्यासाठी "सोड!" किंवा "माझा!" ओरडलं तर पंच खेळ थांबवून पिवळं कार्ड दाखवू शकतात आणि समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळते (ती काय, ते पाचव्या पायरीत). "माझा" म्हणणं हाच गुन्हा, असं मात्र नाही. समोरच्याला फसवणं हा गुन्हा आहे. नावानं हाक मारली की शंकेला जागाच उरत नाही.

शेवटची हाक कोचसाठी. तुम्ही बाहेरून "पास दे, पास दे, आता मार" असं सतत सांगत राहिलात, तर मुलांना एकमेकांच्या हाका ऐकू येत नाहीत. मीही पूर्वी तेच करायचो. आता सामना चालू असताना मी तोंड मिटून बसतो आणि जे बोलायचं ते वहीत लिहून हाफटाइमला सांगतो.

चौथी पायरी: कोण कुठे

गोली, बॅक, हाफ, फॉरवर्ड. आपल्याकडचे हे चार जुने शब्द अजूनही पुरतात. मधल्या बॅकला स्टॉपर, कडेच्याला साइड बॅक. हाफ म्हणजे मिडफिल्डर. कडेनं पळणारा विंगर, सगळ्यात पुढचा स्ट्रायकर.

४-४-२ किंवा ४-३-३ असं ऐकलं की एखादं चौकस मूल बेरीज करतं आणि विचारतं, "सर, दहाच होतात, अकरावा कुठे?" गोली मोजत नाहीत. मोजणी मागून पुढे: आधी बॅक, मग हाफ, मग फॉरवर्ड. सात जणांच्या सामन्यात २-३-१ लावून बघा, मुलांना जागा कळायला सोपं जातं. "तो नऊ नंबरचा खेळाडू आहे" म्हणजे स्ट्रायकर आहे, पाठीवर कुठलाही आकडा असो. "दहा नंबर" म्हणजे त्याच्या मागे राहून खेळ रचणारा.

लहान मुलाला मात्र जागेचं लेबल चिकटवू नका. जाड आहे म्हणून कायमचा गोली, उंच आहे म्हणून स्टॉपर, असं करून आपण कितीतरी पोरांचं नुकसान केलंय. बारा वर्षांपर्यंत प्रत्येकानं प्रत्येक जागी खेळावं.

पाचवी पायरी: शिट्टीचे शब्द

नियम एकूण १७ आहेत. नव्या माणसाला त्यातले चार-पाच नीट कळले तरी सामना बघता येतो आणि खेळता येतो.

थ्रो. बॉल साइड लाइनबाहेर गेला की हातानं आत टाकायचा. दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, रेषेवर किंवा रेषेबाहेर. लहान मुलांच्या सामन्यात मागचा पाय उचलला जातो आणि फाउल थ्रो होऊन बॉल समोरच्याकडे जातो. पाय टेकलेला ठेवायचा सोपा उपाय: मागच्या पायाचं बोट मातीत ओढत आणायला सांगा. ओढलं तर चालतं, उचललं तर नाही. समोरच्या खेळाडूनं थ्रोच्या जागेपासून किमान २ मीटर लांब राहायचं. थ्रोवरून थेट गोल होत नाही.

गोललाइनबाहेर गेला तर दोन शक्यता. शेवटचा स्पर्श आक्रमण करणाऱ्याचा असेल तर गोलकिक, बचाव करणाऱ्याचा असेल तर कॉर्नर. गोलकिकचा बॉल बॉक्सबाहेर जाईपर्यंत आपल्या खेळाडूनं शिवायचा नाही, असं जुने लोक अजून सांगतात. २०१९ पासून तसं नाही. आपला बॅक बॉक्समध्ये उभा राहून पास घेऊ शकतो, समोरचे मात्र बाहेरच थांबतात.

ऑफसाइड. याला सगळे घाबरतात. मी मैदानात चपला मांडून शिकवतो. दोन चपला म्हणजे समोरचे बॅक, डबा म्हणजे त्यांचा गोली, तिसरी चप्पल म्हणजे आपला फॉरवर्ड, आणि खरा बॉल. मग तीन प्रश्न. एक, आपला माणूस समोरच्यांच्या अर्ध्यात आहे का? दोन, तो बॉलच्या पुढे आहे का? तीन, तो शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे आहे का? बहुतेक वेळा शेवटचा गोली असतो, म्हणून व्यवहारात ही रेष शेवटच्या बॅकची. तिन्हींची उत्तरं "हो" असतील तरच तो ऑफसाइड जागी. बरोबरीत असेल तर नाही. हात मोजायचे नाहीत.

आणि हे सगळं बघायचं कधी? पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी. बॉल पोचतो तेव्हा नाही. मुलांची गफलत इथेच होते. मी पास मारतो आणि त्याच वेळी मोठ्यानं "थांब!" म्हणतो, सगळे पुतळ्यासारखे उभे राहतात आणि मग आम्ही जाऊन चपला बघतो. दोन-तीनदा केलं की मुलं आपणच सांगायला लागतात, "सर, पास सुटला तेव्हा तो मागंच होता."

नुसतं ऑफसाइड जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला, बॉल खेळला किंवा समोरच्याला अडथळा केला, तरच कडेच्या पंचाचा झेंडा वर जातो. आणि थ्रो, गोलकिक, कॉर्नर या तीन ठिकाणांहून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड नसतं. हुशार संघ लांब थ्रोच्या वेळी याचा फायदा घेतात.

फ्री किक दोन जातीच्या. डायरेक्टवर थेट गोल मारता येतो, इनडायरेक्टवर आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. ओळख सोपी: इनडायरेक्टला पंचांचा एक हात सरळ वर असतो. समोरच्यांनी ९.१५ मीटर लांब उभं राहायचं. त्या रांगेला वॉल म्हणतात. डायरेक्ट फ्री किकचा गुन्हा बचाव करणाऱ्यानं स्वतःच्या बॉक्समध्ये केला की पेनल्टी. पंच दोन्ही हात पुढे करून "खेळा" म्हणतात तेव्हा तो अ‍ॅडव्हांटेज: फाउल झालाय, पण तुमचा फायदा चालू आहे म्हणून शिट्टी नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच सवय लावा: शिट्टी होईपर्यंत खेळ. स्वतः हात वर करून थांबायचं नाही.

गोलीसाठी दोन गोष्टी. आपल्या माणसानं मुद्दाम पायानं मागे दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही. हा नियम १९९२ पासून आहे. आणि हातातला बॉल फार वेळ धरून बसायचं नाही. पूर्वी मर्यादा ६ सेकंदांची होती आणि ती फारशी कुणी पाळत नसे. २०२५ पासून ती ८ सेकंदांची झाली आहे, आणि मोडली तर समोरच्याला थेट कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंच हातानं मोजून दाखवतात.

वाचताना लागणारी मराठी

मैदानावरची भाषा आणि वर्तमानपत्रातली भाषा वेगवेगळी आहे, आणि नव्या खेळाडूला दोन्ही यायला हव्यात. सकाळी पेपर उघडल्यावर बॅकची बचावफळी होते, हाफची मधली फळी, फॉरवर्डची आघाडी फळी आणि गोलीचा गोलरक्षक. फर्स्ट हाफ पूर्वार्ध, सेकंड हाफ उत्तरार्ध, बॉक्स म्हणजे पेनल्टी क्षेत्र, स्वतःच्याच जाळ्यात मारलेला तो स्वयंगोल. "गोलशून्य बरोबरी" हे दोन शब्द मला फार आवडतात. मुलांना सामन्याची चार ओळींची बातमी लिहायला लावा. काल मैदानावर ओरडलेले शब्द कागदावर वेगळे होऊन उतरताना बघून त्यांना गंमत वाटते, आणि खेळ पुन्हा एकदा डोक्यातून जातो.

परदेशातल्या मराठी घरांसाठी थोडं. अमेरिकेत याच खेळाला सॉकर म्हणतात. तो शब्द मूळचा इंग्लंडमधला, असोसिएशन फुटबॉलमधल्या "असोसिएशन"चं लाडकं, आखूड रूप. तिथं आपल्या बुटांना क्लीट्स म्हणतात, मैदानाला फील्ड. पोराला शनिवारी मैदानावर सोडायला गेलेल्या आईबाबांनाच कोच व्हा म्हणतात. वरचे नियम तेच आहेत, फक्त हाका तिथल्या मुलांच्या तोंडातल्या घ्या.

सामन्याच्या दिवशी

आदल्या रात्री पालकांना निरोप धाडा: पायमोज्याच्या आत शिनगार्ड (नडगीचं कवच) हवेतच, त्याशिवाय पंच खेळू देत नाहीत. कानातली बाळी, हातातलं कडं, गळ्यातली साखळी घरीच काढून ठेवायची. वरून चिकटपट्टी लावून चालत नाही. हे ऐन वेळी कळलं की मूल रडवेलं होतं आणि आजी साबण शोधत फिरते.

वॉर्म-अपच्या शेवटी पाच मिनिटांचा रोंडो घ्या, बोलत. आवाज मोकळे होऊ द्या. मग सगळ्यांना गोल उभं करून तीनच हाका म्हणवून घ्या: माणूस, टाइम, टर्न. बाकीच्या आज आठवल्या तर ठीक, नाही आठवल्या तर पुढच्या शनिवारी.

आणि कर्णधाराला नाणेफेकीचं आधी सांगून ठेवा. जिंकणाऱ्याला दोनांपैकी एक निवडता येतं: पूर्वार्धात कुठल्या गोलवर आक्रमण करायचं ते, किंवा किकऑफ. दुपारचा सामना असेल तर उन्हाकडे बघून ठरवा, कलतं ऊन आपल्या गोलीच्या डोळ्यांवर कुठल्या हाफमध्ये येणार ते बघा. पंचांनी विचारलं की कर्णधारानं तुमच्याकडे वळून न बघता स्वतः उत्तर द्यायचं.